मोरचूद न घातलेली खळ

गालिचे झटकणं हा काय लिहायचा विषय आहे, असं मी आधी म्हणालो. पण दिवाळी अंकाचे संपादक आमच्याच आळीतले, ऐकेनात. म्हणाले, "शंकरराव, दरवर्षी वकील लिहितात, डॉक्टर लिहितात. यंदा धूळ खाल्लेल्या माणसाने लिहावं." धूळ मी खाल्ली आहे खरी, चांगली चाळीस वर्षं. त्यातली काही मी दुसऱ्यालाही खायला घातली, आणि तेच आज सांगणार आहे. बाकीच्या फुशारक्या मी कट्ट्यावर मारतोच, त्या तिथे येऊन ऐका.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ठाण्यात खोपटला आमचं आवार होतं. तिथे बांबूच्या मांडवावर गालिचा उलटा टांगायचा आणि पाठीकडून वेताच्या छडीने झोडायचा. लोकांना वाटतं, धूळ वर असते. वरची केरसुणीने जाते हो. खरी धूळ बसते लोकरीच्या मुळाशी, वर्षानुवर्षं पायांनी दाबलेली, पिठासारखी मऊ. झोडणारे गडी नाकाला ओलं फडकं बांधायचे आणि काम झाल्यावर गुळाचा खडा खायचे. मग बैलगाडीत घालून शहाडला, उल्हास नदीवर, रिठ्याच्या पाण्यात धुवायचा. तीन दिवस कडक ऊन. त्यानंतर उस्मानचाचा रफू करायचे. चाचा उत्तरेकडून आलेले, तीस वर्षं इथे राहून आमच्यासारखंच मराठी बोलायचे, आणि त्यांनी रफू केलेली जागा मला स्वतःला शोधून सापडायची नाही. शेवटी पाठीला खळ.

खळ हे माझं स्वतःचं. मैदा शिजवायचा, त्यात मेथीचं पाणी, आणि चिमूट-दोन चिमूट मोरचूद. मोरचूद म्हणजे तो निळा विषारी खडा, पुस्तकं बांधणारे लोक आपल्या खळीत घालतात. तो घातला की कीड नाही, बुरशी नाही. ही खळ पाठीला फासली की जुना, मरगळलेला गालिचाही जमिनीला असा सपाट बसायचा की गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊन कडेकडेने चालायचं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत "खोपटची खळ" म्हणून माझं नाव होतं. मला त्याचा गर्व होता, आजही थोडा आहे.

ते दिवस गोरे साहेब देश सोडून जायचे होते. कारखान्यांतले, रेल्वेतले साहेब बंगले आवरून निघाले आणि त्यांचं सामान लिलावात आलं. आमच्या मंडळींनी आयुष्यभर सतरंजीवर बसून काढलेलं, त्यांच्या दिवाणखान्यात एकदम गालिचे आले. ते वापरायचे कसे हे कोणाला ठाऊक? नौपाड्यात एक निवृत्त हेडक्लार्क होते, ते गालिचा उलटा अंथरायचे. रंग उडू नये म्हणून. पाहुणा जिन्यात दिसला की नवरा-बायको धावत येऊन तो सुलटा करायचे. एकदा पाहुणे लवकर आले आणि त्यांना अर्धा सुलटा, अर्धा उलटा गालिचा आणि त्यात गुंडाळलेल्या काकू, असं दर्शन झालं.

कल्याणच्या सबनीस वकिलांनीही असाच एक लिलावात घेतला. वकील म्हणजे दरारा. कोर्टात साक्षीदार त्यांच्या चष्म्याकडे बघून अडखळायचे, असं सांगत. गालिचा मात्र झकास होता. सायीच्या रंगाची जमीन, कडेला डाळिंबी वेल. आमच्याकडे आला तेव्हा चिखलाने भरलेला. आम्ही त्याच्यावर सव्वा महिना राबलो. खळ लावायची वेळ आली तेव्हा मी एका कोपऱ्याला लावून पाहिली, तर दुसऱ्या दिवशी त्या सायीच्या रंगावर पुढून निळसर झाक आलेली. मोरचुदाची. कोपरा पुन्हा धुऊन काढला आणि ठरवलं, याला बिनमोरचुदाची खळ. चाचांना सांगितलं नाही. त्यांनी नको म्हटलं असतं. "शंकर, ही खाडीकाठची हवा आहे," असं ते नेहमी म्हणायचे, "इथे पीठ उघडं ठेवू नये." वकिलांनाही सांगितलं नाही. गालिचा असा बसला की वकील पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलले.

वर्षभराने मी झटकायचं विचारायला गेलो, तेव्हा घरात नवी सून आली होती. वत्सला तिचं नाव. वडील वाईला शाळामास्तर, ही स्वतः मॅट्रिक झालेली, तरतरीत मुलगी. नवरा मुंबईला कचेरीत, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. गालिचा झाडायचं काम सुनेचं, गड्याने हात लावायचा नाही. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून, केरसुणीने, आणि दारं-खिडक्या लावून. का, तर भिंतीला उघड्या फळ्यांवर वकिलांची कायद्याची पुस्तकं, वाऱ्याने त्यांच्यावर धूळ जायला नको. झाडण्याआधी पाण्याचा शिंतोडा मारायचा, अंगणात मारतात तसा, ही सासूबाईंची शिस्त. सासूबाईंना सगळे माई म्हणत.

मी निघालो तर वत्सलावहिनी ओटीपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शंकरराव, त्या गालिच्याला वास येतो हो. धान्याच्या बंद कणगीसारखा. झाडला की माझ्या छातीत भरतं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वहिनी, गालिचा आहे, मोगरा नव्हे. धूळ असायचीच." आणि वर हसलो. तेव्हा मला वाटलं, नवी सूनबाई, कामाचा कंटाळा. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

पुढची दोन वर्षं ते गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नाही. वकील म्हणायचे, इतका छान बसलाय, उचलायचा कशाला. मग एका दसऱ्यानंतर निरोप आला, उचला आणि साफ करून द्या, घरात आजारपण आहे.

मी आणि दोन गडी गेलो. वत्सलावहिनींना मी ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल. माईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "क्षय म्हणताहेत. छातीच्या फोटोत डाग निघाले. थुंकी तीनदा तपासली, त्यात काही सापडत नाही. आणि गंमत ऐका, माहेरी गेली की पंधरा दिवसांत बरी होते, इथे पाऊल टाकलं की खोकते. आता क्षय समजायचा की सोंग, तुम्हीच सांगा." मग आवाज आणखी खाली आला. "रविवारी तिचे वडील येताहेत न्यायला. आम्ही काही परत बोलावणार नाही. आमचा एकुलता एक मुलगा आहे."

हे सगळं मधल्या दाराआड उभ्या असलेल्या वहिनींना ऐकू जात होतं. माईंना त्याचं काही वाटत नव्हतं.

मी दिवाणखान्यात गेलो, गालिच्याचं एक टोक धरलं आणि उलटलं. पाठ हिरवी-काळी होती. वीतभर नाही, दोन नाही, अर्ध्या गालिच्याची. खळीचा थर जिथे जिथे होता तिथे तिथे बुरशी, मखमलीसारखी, आणि बोट लावलं की धूर उठावा तशी उडणारी. बघता क्षणी कळलं की ही माझी खळ आहे. मोरचूद असतं तर तिथे एक ठिपका आला नसता.

वकील दारात उभे. "काय आहे ते?"

पाहा, त्या वेळी खरं बोलायला मला एक क्षण होता. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "पाणी जास्त पडलंय साहेब. रोजच्या शिंतोड्याची ओल."

"ऐकलंत?" माई म्हणाल्या. "एक काम धड करता येत नाही हिला. मी शिंतोडा म्हणाले, हिने घागरी ओतल्या."

वत्सलावहिनी पुढे आल्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण तोवर माझ्या गड्यांनी गालिचा गुंडाळायला घेतला होता आणि ती धूळ खोलीभर झालेली. त्यांनी "मी तर" एवढंच म्हटलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. श्वास आत जात होता, पण बाहेर येताना शीळ वाजल्यासारखा आवाज. ओठ जांभळे पडले. मी खिडक्या उघडायला धावलो, तर वकील सवयीने म्हणाले, "पुस्तकं!" मी उघडल्याच.

पाध्ये डॉक्टरांचा दवाखाना समोरच. ते धोतराचा सोगा सावरत आले, दंडात इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला. तो अर्धा तास कसा गेला ते मला विचारू नका. मी हातात फडकं घेऊन ओटीवर उभा होतो, आणि ही पोर आता गेली तर मी कोणाला तोंड दाखवू, एवढंच मनात.

जाताना डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, "उबळ आली तेव्हा काय चाललं होतं?"

माई म्हणाल्या, "काही नाही हो, गालिचा काढत होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

गालिचा गाडीत घालून खोपटला आणला. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मला हुडहुडी भरली. अंग कणकणलं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं, कोरडा खोकला. उस्मानचाचा शेजारी येऊन बसले. गालिच्याची पाठ त्यांनी पाहिली होती. म्हणाले, "हा कुबट मालाचा ताप आहे. भाताची ओली पोती उघडणाऱ्या हमालांना असाच येतो. उद्या दुपारी तू बरा होशील."

"मग?"

"मग काय? तू ही धूळ एक दिवस घेतलीस, एक दिवस झोपशील. रोज घेणाऱ्याचं काय होत असेल?" थोडं थांबून म्हणाले, "मोरचूद घातलं नव्हतंस ना?"

मी मान हलवली. माणूस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही चढवला नाही. उठून गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खरंच बरा झालो, आणि तिथेच माझी झोप उडाली. पाठीवरची थोडी धूळ कागदाच्या पुडीत बांधली आणि पाध्ये डॉक्टरांकडे गेलो. मोरचुदाची हकिगत सांगितली, माझा ताप सांगितला. डॉक्टरांनी पावाच्या दोन ओलसर चकत्या घेतल्या. एकीवर पुडीतली धूळ भुरभुरली, दुसरी तशीच, आणि दोन्हीवर काचेचे पेले पालथे घातले. शनिवारी मला बोलावलं. साध्या चकतीवर कडेला एक पांढरा ठिपका होता. धुळीच्या चकतीवर हिरवी लव इतकी माजली होती की पाव दिसत नव्हता.

"ही बुरशी तुमच्या-माझ्या घरी हवेतही असते," डॉक्टर म्हणाले. "आपलं काही बिघडत नाही. पण कोणी दोन-तीन वर्षं रोज, बंद खोलीत, नाक जमिनीला लावून छातीत ओढली, तर छाती रुसते. डागही पडतील. क्षय नाहीच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माहेरी बरी होते याचा अर्थ आता लागतो."

"मग तुम्हीच सांगा ना वकिलांना," मी म्हणालो.

"मी माझं सांगेन. पण ते विचारणार, बुरशी आली कुठून. शिंतोड्याने, असं तुम्ही त्यांना सांगून बसलात. ते मी कसं खोडू?"

रविवारी सकाळी मी कल्याणला गेलो. पुढच्या दाराने जायची हिंमत झाली नाही. मागच्या दाराने गेलो. वत्सलावहिनी न्हाणीघराबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या, नेसून तयार, शेजारी वळकटी. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. खळ, मोरचूद, खोटं बोललो तेही. म्हणालो, "वहिनी, चुकलो. मला माफ करा."

त्या जराही चिडल्या नाहीत. दम घेत घेत म्हणाल्या, "शिंतोडा मारणं मी वर्षापूर्वीच सोडलंय. वास वाढतो म्हणून. माईंना कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी तेच सांगत होते." मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, शंकरराव? गालिच्यातून काहीतरी येतं हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तुम्हीसुद्धा नाही. बाहेर सगळे बसलेत, माझे वडीलही आलेत. तिथे जाऊन सांगा."

न्हाणीघरापासून दिवाणखान्यापर्यंत दहा पावलं असतील. आतमध्ये वकील, माई, वहिनींचा नवरा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी, आणि मास्तर. साधे, लहानखुरे गृहस्थ, टोपी मांडीवर ठेवून बसलेले, गुन्हा केल्यासारखे. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पाध्ये डॉक्टरांचं नाव घेतलं, पावाच्या चकतीचं सांगितलं.

वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"खळीत मोरचूद नाही, हे कोणाला माहीत होतं?"

"मला एकट्याला."

"गालिचा उलटला तेव्हाच तुम्हाला कारण कळलं?"

"हो."

"मग माझ्या सुनेला पाणी ओतल्याचा दोष का दिलात?"

"नाव वाचवायला," मी म्हणालो. दुसरं उत्तर नव्हतं.

माई म्हणाल्या, "अगं बाई," आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं वकील आता मला जोड्याने मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते मास्तरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, खिडक्या मीच लावायला लावत होतो." एवढंच. मास्तर टोपी हातात फिरवत राहिले.

तेव्हा नवरा पहिल्यांदा वळला. तोपर्यंत तो मुलगा मला लाकडाचा वाटला होता. मास्तरांना म्हणाला, "मामा, तिला न्या. हवापालट होऊ दे. सहा महिन्यांनी मी स्वतः न्यायला येईन." वडिलांकडे त्याने बघितलंही नाही. आणि तो खरंच गेला, सहा महिनेही थांबला नाही.

तो गालिचा मी आवारातच जाळला. सव्वा महिन्याचं काम, चाचांच्या रफूसकट. चाचा वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहून बघत होते, आणि त्यांनी मला गुळाचा खडा दिला. त्या दिवसापासून आमच्याकडे खळ बंद. गालिचे थोडे लोळत बसायचे, काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत म्हटलं. प्रत्येक घरी मी सांगायचो, महिन्यातून एकदा उलटून उन्हात टाका, खिडक्या उघडून झाडा, वास आला की मला बोलवा. लोक म्हणायचे, शंकरराव फार कटकट करतात.

वत्सलावहिनींना क्षय नव्हता. खोकला गेला, अंगावर मांस आलं. हे मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो, आणि सांगताना माझी छाती थोडी फुगायची, जणू मीच त्यांना वाचवलं. त्यानंतर किती वर्षं गेली ते आठवत नाही. कल्याणच्या एका मुलींच्या शाळेने स्नेहसंमेलनासाठी सतरंज्या धुवायला बोलावलं. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. मी खांद्यावर दोरांची गुंडाळी घेऊन जिना चढत होतो. पुढे एक बाई चढत होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा. चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा चार. त्या श्वासाची शीळ मी ओळखली, चेहरा नंतर. त्या तिथे शिकवत होत्या. मला बघून छान हसल्या. मी विचारलं, "वहिनी, अजून?"

"तेवढं राहिलंच," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, एखादं वर्ष आधी कळलं असतं तर हेही भरून आलं असतं." रागाने नाही, आजचं हवामान सांगावं तसं. मग भिंतीला सरकून त्यांनी मला वाट करून दिली.

"तुम्ही व्हा पुढे, शंकरराव. मला वेळ लागतो."